फादर बदलतात, तेव्हा आजाऱ्यांची वही कुठे जाते?

बदलीची बातमी मिस्सेच्या शेवटी, सूचनांमध्ये सांगितली जाते. अमुक आळीतल्या मुलाचं तमुक गावच्या मुलीशी लग्न ठरलं आहे, कुणाला अडचण ठाऊक असेल तर कळवावं. पहिल्या कम्युनियनच्या मुलांची तालीम शनिवारी चार वाजता. आणि मग, आवाज थोडा खाली आणून, ‘बिशपांनी माझी नेमणूक दुसऱ्या पॅरिशमध्ये केली आहे, पुढच्या महिन्यात मी तिकडे जाईन.’ त्यानंतर शेवटचं गीत कुणीच नीट गात नाही. बायका पदराने डोळे टिपतात, पुरुष बाहेर पायरीवर जमून ‘आता कोण येणार’ यावर बोलू लागतात, आणि मुलांना फक्त एवढंच हवं असतं की नवे फादर फुटबॉल खेळतात की नाही.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, अर्नाळ्यापासून पापडी-रमेदीपर्यंत, उन्हाळ्याच्या शेवटी असे रविवार दरवर्षी कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये येतात. आपल्याकडे एका ठिकाणी साधारण पाच-सहा वर्षं झाली की प्रमुख धर्मगुरूंची बदली होते, सहायक त्याआधीही हलतात. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत नव्या माणसाने जागा घेतलेली बरी, कारण पॅरिशची शाळा असेल तर तिचे मॅनेजरही बहुधा तेच असतात. मी निवृत्त शिक्षिका आहे, आमच्या पॅरिश परिषदेची सचिव होते आणि आजाऱ्यांना भेटी देणाऱ्या गटात अजूनही काम करते. फादर यावेत-जावेत याबद्दल माझी तक्रार नाही. माझं म्हणणं बदलीच्या मधल्या आठवड्यांबद्दल आहे. त्या आठवड्यांत वस्तू नीट हस्तांतरित होतात, माणसं होत नाहीत.

ज्यांना आमचं जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पॅरिश म्हणजे ठरावीक गावांचा, आळ्यांचा टापू आणि त्यातली सगळी कॅथलिक कुटुंबं. बाप्तिस्म्यापासून दफनभूमीपर्यंत त्या कुटुंबाचा प्रत्येक प्रसंग त्या एका चर्चच्या वहीत लिहिला जातो. बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर समासात पुढे दृढीकरणाची आणि लग्नाची तारीखही चढते, मग ते लग्न कुवेतला झालेलं असो की मिरारोडला. लग्नाआधीचा अभ्यासवर्ग, भावाभावांतला वाटणीचा वाद, दारूमुळे मोडायला आलेलं घर, अकरावीच्या प्रवेशासाठी लागणारी शिफारस, या सगळ्यासाठी माणूस फादरच्या ऑफिसच्या बाकावर येऊन बसतो. त्या खुर्चीतला माणूस बदलला की गावातल्या शेकडो घरांचा एक धागा सुटतो, आणि तो नव्याने बांधायला वर्ष-दोन वर्षं जातात. बदली सहा वर्षांनी होत असेल तर त्यातली दोन वर्षं ओळख होण्यातच गेली, असा हिशेब मांडावा लागतो.

हस्तांतरणाच्या दिवशी समारंभ फार सुंदर असतो. बिशपांचे प्रतिनिधी नेमणुकीचं पत्र वाचतात, नवे फादर सगळ्यांसमोर श्रद्धेची प्रतिज्ञा म्हणतात, त्यांच्या हातात चर्चच्या आणि वेदीवरच्या मंजुषेच्या चाव्या दिल्या जातात. लाल लुगडी नेसलेल्या आमच्या म्हाताऱ्या पहिल्या बाकांवर असतात. बँड असतो, नाश्ता असतो, भाषणं असतात. आधीच्या एक-दोन दिवसांत ऑफिसमध्ये दुसरं काम झालेलं असतं. बँकेची पासबुकं, मुदतठेवी, चालू बांधकामाची बिलं, नोंदवह्या, चांदीचे चषक, मिरवणुकीचे क्रूस, सगळं तपासून सही होते. हे योग्यच आहे. चर्चच्या कायद्याचं, म्हणजे १९८३च्या कॅनन लॉचं, १२८३वं कलम सांगतं की मालमत्तेचा कारभार हाती घेण्याआधी तिची नेमकी यादी झाली पाहिजे, तिच्यावर सही झाली पाहिजे आणि तिची एक प्रत धर्मप्रांताच्या कचेरीत राहिली पाहिजे. शेकडो वर्षांच्या अनुभवातून आलेलं शहाणपण आहे ते.

पण त्याच कायद्याचं ५२९वं कलम उघडलं की प्रमुख धर्मगुरूचं काम काय ते कळतं. त्याने आपली माणसं ओळखावीत, घरोघरी जावं, त्यांच्या काळज्यांत आणि विशेषतः त्यांच्या दुःखांत सहभागी व्हावं, आजारी आणि मरणोन्मुख माणसांना मोठ्या मायेने जपावं, गरीब, एकट्या पडलेल्या आणि परागंदा झालेल्या माणसांना शोधून काढावं. हे वाचताना मला आमच्या पॅरिशमध्ये येऊन गेलेले कितीतरी फादर आठवतात, ज्यांनी हे सगळं खरोखर केलं. मात्र त्यांनी जे मिळवलं ते त्यांच्या डोक्यात होतं. ते गेले, त्यांच्याबरोबर तेही गेलं. चषकांची यादी मागे राहिली.

आमच्या गटाकडे एक वही असते. दोनशे पानी, रेघांची, पुठ्ठ्याच्या कव्हरची, शाळेतली असते तशी. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी पडून असलेल्या माणसांना कम्युनियन द्यायला जातात, त्यांची नावं त्यात आळीवार लिहिलेली. नावापुढे तीन-चार वेगवेगळ्या अक्षरांत नोंदी आहेत. ‘मागच्या दाराने जावे, पुढच्या तीन पायऱ्या ओल्या असतात.’ ‘उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडे बसावे.’ ‘तुकडा अगदी लहान द्यावा, आधी दोन चमचे पाणी.’ ‘मुलाचा फोन कतारहून रात्री उशिरा येतो, सकाळी झोपलेल्या असतात, अकराच्या आधी नको.’ ‘बाबांना मराठी मिस्सेचीच प्रार्थना लागते, सून इंग्रजीत सुरू करते तेव्हा गप्प राहतात.’ एका नावापुढे फक्त एवढंच आहे, ‘मुलीबद्दल विचारू नये.’ ती नोंद ज्या फादरांनी केली ते दोन पॅरिश पलीकडे गेले आहेत, पण त्यांच्यामागून आलेल्या कुणीही त्या घरात मुलीबद्दल विचारलं नाही.

अशीच एक वही आमच्या भागातल्या एका पॅरिशमध्ये बदलीच्या गडबडीत हरवली. कुणी मुद्दाम केलं नाही. ऑफिसला रंग लागत होता, कपाटं बाहेर काढली होती, जुने फादर निघाले होते, नव्यांना यायला आठ दिवस होते, सहायकही त्याच वेळी बदलले. जुन्या कागदांबरोबर वही रद्दीत गेली असावी. नव्या फादरांनी वेदीवरून सांगितलं की घरी कुणी आजारी असेल तर ऑफिसात नाव द्या. ज्यांच्या घरात धडधाकट माणसं होती त्यांनी नावं दिली. माझी एक लांबची मावशी तिथे राहते. सून-मुलगा दोघं विरार लोकलने चर्चगेटला कामाला जातात, रविवारी दमलेले असतात, पोरं क्लासला. नाव द्यायचं राहून गेलं. मावशी जूनच्या पहिल्या शुक्रवारी आंघोळ करून, स्टुलावर पांढरा रुमाल अंथरून, मेणबत्ती आणि क्रूस मांडून बसली. जुलैतही बसली, ऑगस्टमध्येही बसली. तिने सुनेला विचारलं, ‘आपली वर्गणी राहिलीय का गो?’ तिला वाटलं पैसे थकले म्हणून येणं बंद झालं. सप्टेंबरात, आठ तारखेच्या मारियेच्या जन्माच्या सणाआधीच्या नोव्हेनात, शेजारची एक बाई नव्या फादरांना रस्त्यात भेटली आणि बोलता बोलता तिचं नाव निघालं. ते त्याच संध्याकाळी गेले. मावशीने त्यांना पहिला प्रश्न वर्गणीचाच विचारला. ते फादर मला नंतर भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, ‘मला कुणी तरी सांगायला हवं होतं.’ मी ते वाक्य विसरू शकत नाही, कारण ते खरं आहे आणि सांगणारं कुणी तरी म्हणजे आम्हीच, तिथली माणसं.

धर्मगुरू नसताना, किंवा बदलत असताना, पॅरिश कोण चालवतं याचं उत्तर वसईच्या इतिहासात आहे. १५३४मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि पुढच्या काही दशकांत इथली बरीच चर्चेस उभी राहिली. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज सत्ता गेली तसे युरोपीय मिशनरी संघही गेले, किल्ल्यातल्या मोठमोठ्या चर्चेसच्या भिंती आज उघड्या आकाशाखाली आहेत. गावांतली चर्चेस मात्र टिकली. देशी धर्मगुरूंनी ती सांभाळली, पण ते थोडे होते आणि गावं पुष्कळ होती. वाडीच्या कोपऱ्यावरच्या क्रुसापाशी संध्याकाळी रोझरी म्हणणाऱ्या, मुलांना प्रार्थना शिकवणाऱ्या, मरणाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या घराघरांतल्या माणसांनी बाकीचं केलं. आमच्या आळ्यांतले ते क्रूस अजून आहेत, मे महिन्यात त्यांच्यासमोर अजून प्रार्थना होते, आणि तिला फादर असतातच असं नाही. सत्ता बदलली, धर्मगुरू बदलले, पण मंडळी जागेवर होती. हा वारसा सांगताना आम्हाला अभिमान वाटतो. मग एका साध्या बदलीत आमची वही का हरवावी?

गेल्या काही काळात तर वरपासून खालपर्यंत बदलच बदल पाहिले आम्ही. मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत पोप आणि धर्मप्रांताचे बिशप यांची नावं घेतली जातात. १९९८मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसई धर्मप्रांत झाला तेव्हा बिशप थॉमस डाबरे यांचं नाव त्यात आलं. तुकारामांच्या ईश्वरानुभवावर संशोधन करणारे बिशप म्हणून अनेक मराठी वाचक त्यांना ओळखतात. २००९मध्ये ते पुण्याला गेले आणि नाशिकहून आर्चबिशप फेलिक्स मच्याडो आले. २०२४मध्ये बिशप थॉमस डिसोजा आले, ते इथल्याच मातीतले. त्याच वर्षी जुलैत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आम्हाला सोडून गेले आणि त्यांचं ‘सुवार्ता’ मासिक वाचत वाढलेली आमची पिढी पोरकी झाली. २१ एप्रिल २०२५ला पोप फ्रान्सिस वारले. त्यानंतर ८ मेपर्यंत, लिओ चौदावे निवडून येईपर्यंत, त्या प्रार्थनेत पोपचं नाव नव्हतं, बिशपांच्या नावावर ती पुढे जायची. रोजच्या मिस्सेला येणाऱ्या माणसाला ते रिकामेपण रोज जाणवलं. पण मिस्सा एकही दिवस थांबली नाही. रोमपासून आमच्या आळीपर्यंत ही व्यवस्था माणसांपेक्षा मोठी आहे, हे मला आश्वासक वाटतं. म्हणूनच ‘आमचे फादर आम्हाला परत द्या’ असे अर्ज घेऊन बिशप हाउसवर जाणाऱ्यांत मी कधी नव्हते, पुढेही नसेन.

त्या अर्जांमागचं प्रेम मला कळतं. प्रेषितांच्या कृत्यांत पौल इफिससच्या वडीलधाऱ्यांचा निरोप घेतो तेव्हा ती माणसं त्याच्या गळ्यात पडून रडतात, जहाजापर्यंत पोचवायला जातात. तीन वर्षं तो त्यांच्यात राहिला होता. फ्रान्समधल्या आर्स गावचे जॉन व्हियानी, जगातल्या सगळ्या प्रमुख धर्मगुरूंचे आश्रयदाते संत, १८१८पासून १८५९मध्ये मरेपर्यंत त्याच गावात होते. ते स्वतः एकांतासाठी निघून जायला पाहायचे आणि गावकरी त्यांना वाटेत गाठून परत आणायचे. पण आर्स हे एक गाव होतं आणि आमचा धर्मप्रांत डहाणू-तलासरी, जव्हार-मोखाड्यापर्यंत पसरलेला आहे. तिकडच्या आदिवासी पाड्यांवरच्या मिशन केंद्रांना माणसं हवीत आणि ती माणसं पश्चिम पट्ट्यातल्या भरलेल्या पॅरिशमधूनच जाणार. आमच्या गावातल्या कुटुंबांनी आपली मुलं धर्मगुरू व्हायला दिली तेव्हा ती फक्त आमच्यासाठी दिली नव्हती. जाणाऱ्या फादरला थांबवण्याचा हट्ट म्हणजे वारली पाड्यावरच्या माणसाच्या वाट्याचा फादर अडवून ठेवणं आहे, हे आपण कुठे तरी स्पष्ट म्हटलं पाहिजे.

आणि दुसऱ्या बाजूचं दुःख कुणी बोलून दाखवत नाही, ते फादरांचं. संसार असलेल्या माणसाची बदली झाली तर घर त्याच्याबरोबर जातं. फादर पुस्तकांचे दोन-चार खोके, कपड्यांची एक बॅग घेऊन एकटा जातो. ज्या घरांत सहा वर्षं नाताळचा वाटा खाल्ला, तिथे पुढच्या नाताळला जायचं नाही, असा अलिखित नियम बरेच फादर स्वतःच पाळतात, नव्या माणसाला जागा मिळावी म्हणून. मी एका फादरांना विचारलं होतं की आमच्या एका कुटुंबात मोठं आजारपण आलंय, तुम्हाला ती माणसं जवळची, येऊन जाल का. ते म्हणाले, ‘आधी नव्या फादरना सांगा, त्यांनी बोलावलं तर येईन.’ तेव्हा मला ते कोरडं वाटलं. आता वाटतं की त्यात फार मोठी शिस्त आणि नव्या सहकाऱ्याबद्दलचा आदर होता.

लग्नांच्या बाबतीत तर ही शिस्त कायद्याचीच आहे. मुली म्हणतात, मला लहानपणापासून ओळखणारे जुने फादरच माझं लग्न लावतील. चांगली इच्छा आहे. पण कॅथलिक लग्न कायदेशीर ठरायचं तर ते त्या पॅरिशच्या प्रमुख धर्मगुरूंनी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या माणसाने लावावं लागतं. जुन्या फादरांकडे बदलीनंतर तो अधिकार आपोआप राहत नाही. त्यामुळे पत्रिका छापायच्या आधी नव्या फादरना भेटून विनंती करायची असते. ही गोष्ट कुणी शांतपणे समजावून सांगत नाही, आणि मग हॉल ठरल्यावर, बँड ठरल्यावर ‘नवे फादर अडवतात’ अशी बोलवा होते. पहिल्याच महिन्यात एका चांगल्या माणसाबद्दल गावाचं मत कडू होतं.

तुलना हा आमचा मोठा दोष आहे आणि तो मी कुणाला माफ करत नाही. जुने फादर प्रवचन पंधरा मिनिटांत संपवायचे, हे पंचवीस मिनिटं घेतात. ते घरी यायचे, हे मेसेज पाठवतात. त्यांनी हॉल बांधला, हे हिशेबच विचारत बसतात. करिंथच्या मंडळीत कुणी म्हणे आम्ही पौलाचे, कुणी म्हणे आम्ही अपोल्लोचे, आणि पौलाने त्यांना सडकून सुनावलं होतं. दोन हजार वर्षांनी पायरीवर उभं राहून आम्ही तेच करतो. पण या तुलनांमधली एक मात्र मी गंभीरपणे घेते, मिस्सेची भाषा आणि वेळ. वसई-विरार आता महानगर आहे. स्टेशनच्या बाजूच्या इमारतींत मुंबईहून, मंगळूरहून, केरळहून आलेली कॅथलिक कुटुंबं राहतात, त्यांना इंग्रजी मिस्सा हवी असते आणि ती त्यांचा हक्कच आहे. नवे फादर येतात, आकडे बघतात आणि सकाळी साडेसहाची मराठी मिस्सा पुढे-मागे करतात, तिच्या जागी आठची इंग्रजी येते. कागदावर ते ठीक दिसतं. साडेसहाच्या मिस्सेला कोण येतं हे कागदावर नसतं. वाडीत केळी तोडायला, पानं खुडायला जाण्याआधी येणारे म्हातारे, दूध घालून येणारे, सातच्या गाडीने ड्यूटीला जाणाऱ्या नर्स. वेळ तासाने हलली की त्यांच्यातले निम्मे येणं बंद करतात आणि तक्रारही करत नाहीत. त्यांना तक्रार करायची सवय नाही. हे सांगायला परिषद असते.

परिषदेचं काय होतं ते पाहा. कॅनन लॉच्या ५१३व्या कलमात असं आहे की बिशपांचं आसन रिकामं झालं की धर्मप्रांताची पालकीय परिषद संपते. पॅरिशच्या परिषदेबद्दल तिथे असं काही लिहिलेलं नाही, ते त्या त्या धर्मप्रांताच्या नियमांवर आणि रिवाजावर सोडलं आहे. पण प्रत्यक्षात अनेक ठिकाणी फादर बदलले की परिषद गळून पडते. कुणी राजीनामा देतं, कारण ‘नव्यांना त्यांची माणसं घेऊ द्या’ असं म्हणणं सभ्य वाटतं. कुणाला नव्याने बोलावलंच जात नाही. आमच्या परिषदेतल्या एका सुशिक्षित, समंजस माणसाने मला सांगितलं होतं की आपण फादरांची टीम आहोत, ते गेले की आपलं काम झालं. मी त्यांच्याशी तेव्हाही भांडले. आपण फादरांची टीम नाही, आपण पॅरिशची परिषद आहोत. फादर आपल्याकडे येतात, आपण इथेच असतो, आपली थडगीही इथेच असणार आहेत. ज्या वेळी सगळ्यात जास्त गरज असते त्याच वेळी परिषद घरी बसते, हे चूक आहे. अर्थसमितीच्या बाबतीत तर कायदाच म्हणतो की ती प्रत्येक पॅरिशमध्ये असलीच पाहिजे. पैशाची काळजी घेणारी समिती टिकते आणि माणसांची काळजी घेणारी विरघळते, हे मला मान्य नाही.

यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला एका फादरांचाच होता आणि तो विचार करण्यासारखा आहे. ते म्हणाले, ‘मला आधीच कुणाबद्दल सांगू नका. मागच्यांचे ग्रह माझ्या डोक्यात भरले तर मी माणसाला कोरेपणाने भेटणार कसा?’ बरोबर आहे. अमक्या घरातला थोरला भांडखोर, तमकी बाई नुसती मिरवायला येते, असल्या गोष्टी वहीत येताच कामा नयेत. पापनिवेदनात ऐकलेलं तर कुणी कुणाला सांगू शकतच नाही, तो विषयच नाही. घरातल्या माणसांनी ‘हे लिहा’ म्हटलं तेवढंच लिहायचं. कुठल्या कानाने ऐकू येतं, दार कुठून उघडतं, कोण एकटं राहतं, वर्षभरात कुणाचं माणूस गेलं, कुणाचा मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात आहे आणि त्याच्या आईला फोन करायला हवा. यात ग्रह काही नाहीत. उलट यामुळे नवे फादर मोकळ्या मनाने आत पाऊल टाकू शकतात.

दुसरा आक्षेप सामान्य माणसांचा. बदल्या बिशप करतात, त्यात आपण कोण बोलणार? तर कायदा आपल्याला बोलू देतो. प्रमुख धर्मगुरू नेमताना बिशपांनी त्या विभागातल्या पॅरिशवर देखरेख करणाऱ्या धर्मगुरूंचं ऐकावं, काही धर्मगुरूंना विचारावं आणि योग्य वाटल्यास सामान्य ख्रिस्ती माणसांचंही म्हणणं घ्यावं, असं ५२४व्या कलमात लिहिलं आहे. २१२व्या कलमात तर आपल्या ज्ञानाप्रमाणे धर्मपालकांना आपलं मत कळवणं हा श्रद्धावंतांचा हक्क आणि कधी कधी कर्तव्यही असल्याचं म्हटलं आहे, आदर राखून. ऑक्टोबर २०२४मध्ये रोमला संपलेल्या सिनॉडने, म्हणजे बिशपांच्या धर्मसभेने, ‘एकत्र वाटचाल’ करणाऱ्या चर्चबद्दल एवढं मांडलं, पालकीय परिषदा नावापुरत्या राहू नयेत असा आग्रह धरला. त्याचे अभ्यासवर्ग आमच्याकडे झाले, आम्ही वह्या भरभरून टिपणं काढली. ती टिपणं उपयोगात आणायला बदलीपेक्षा चांगली संधी कोणती? कोणाला पाठवा हे आम्ही सांगू नये, पण कोणत्या प्रकारची गरज आहे ते सांगावं. आमच्याकडे वीस-पंचवीस वर्षांची मुलं चर्चपासून दूर चालली आहेत, आमच्याकडे शेतजमिनींचे वाद वाढलेत, आमच्याकडे एकटे म्हातारे फार झालेत. हे एका पानात लिहिता येतं.

गेल्या महिन्यात आमच्या परिषदेने यावर दोन बैठका घेतल्या आणि शेवटी एकमताने चार गोष्टी ठरवल्या. फादर बदलले तरी परिषद तिची मुदत पूर्ण करेल, आणि नव्या फादरांनी पहिले सहा महिने तिच्याबरोबर काम केल्यावर हवे ते बदल करावेत. आजाऱ्यांची, एकट्या माणसांची आणि त्या वर्षी दुःख झालेल्या घरांची वही दोन प्रतींत ठेवली जाईल, एक ऑफिसात, एक भेटी देणाऱ्या गटाकडे, आणि चाव्यांच्या यादीबरोबर तिच्यावरही जुन्या आणि नव्या फादरांची सही घेतली जाईल. पहिले सहा महिने मिस्सेची वेळ आणि भाषा बदलली जाणार नाही. आणि बिशपांना अशी विनंती केली जाईल की जाणारे आणि येणारे फादर किमान एक आठवडा एकत्र राहावेत, त्या आठवड्यात दोघांनी मिळून अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जावं. ज्याने ओळख करून घेतली त्यानेच ओळख करून द्यावी.

शेवटच्या मुद्द्यावर अडचण येईल हे मला ठाऊक आहे. बदल्या साखळीने होतात, एक हलल्याशिवाय दुसरा हलत नाही आणि सगळ्यांना जूनच्या आत पोचायचं असतं. एका आठवड्यासाठी एखाद्या पॅरिशची रविवारची मिस्सा निवृत्त फादरांना सांगावी लागेल. आमच्या भागात असे निवृत्त फादर आहेत आणि त्यांच्यातले दोघं मला स्वतःहून म्हणाले की आम्हाला बोलवा, आम्ही येऊ. आठवडा जमत नसेल तर तीन दिवस द्या. तीन दिवसांतही वीस घरं होतात.

विनंतीचं पत्र सह्यांसाठी चर्चच्या ऑफिसात ठेवलं आहे, येत्या रविवारी तिन्ही मिस्सांनंतर ते दाराशीही असेल. सोमवारी ते बिशप हाउसला जाईल. शेजारच्या दोन पॅरिशनी मसुदा मागितला होता, तो त्यांना दिला आहे. आमच्या विद्यमान फादरांनी त्यावर पहिली सही केली, आणि पुढच्या शुक्रवारी ते आमच्या गटाबरोबर वही घेऊन निघणार आहेत, नवीन नावं घालायला आणि ज्यांची वर्षभरात खोली किंवा औषधांची वेळ बदलली आहे त्यांच्या नोंदी दुरुस्त करायला.